आत की बाहेर

मत्स्य कार्यालयातल्या भाऊसाहेबांना काहीही सांगा, त्यांची पट्टी आधी नकाशावर पडते. बारा सागरी मैलांच्या आतला समुद्र राज्याचा, बाहेरचा केंद्राचा. परवा ट्रॉलरने माझं जाळं फाडलं, म्हणून गेलो.

"आत की बाहेर?"

"वीस वावात." आम्ही समुद्र खोलीने मोजतो.

"वाव नको, मैल सांगा."

"ट्रॉलर भायरसून इलो, आत जाळा फाडल्यान आणि ओढीत भायर घेवन गेलो."

"मग दोन अर्ज करा."

त्यांचा आवाज कधी चढत नाही, चढतो तो माझाच.

संध्याकाळी हाच माणूस पिशवी घेऊन किनाऱ्यावर येतो, माझ्या टोपलीतला बांगडा दाबून बघतो. "ताजो आसा मा रे?"

आतला की बाहेरचा, हे मात्र विचारत नाही.