घटस्थापनेपासून नक्की

चांगल्या सवयीला बुधवारी सुरुवात केलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. सोमवार चालतो, पहिली तारीख चालते, पाडवा तर फारच चालतो. पण आज बुधवार आहे, दुपारचे चार वाजलेत, चला, या क्षणापासून गोड बंद, असं कोणी म्हणत नाही. मी आणि भाऊ तर नाहीच नाही.

भाऊ माझे सख्खे भाऊ नव्हते. ठिबक सिंचनाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघे फिरतीवर होतो आणि नऊ वर्षं एकाच गाडीतून हिंडलो. ते माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, निफाडकडच्या खेड्यातले, नाशकात घर करून राहिलेले. सोमवारी सकाळी मी त्यांना निमाणीच्या स्टँडसमोरून गाडीत घ्यायचो आणि गुरुवारी संध्याकाळी तिथेच सोडायचो. मधले दिवस लासलगाव, येवला, मनमाड, सटाणा. बायकोपेक्षा मी त्यांच्याबरोबर जास्त जेवलो असेन.

चौथ्या वर्षी कंपनीने सगळ्यांची तपासणी करून घेतली. माझी साखर काठावर निघाली. भाऊंची काठ ओलांडून गेली होती, वर रक्तदाब. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला, तळलेलं सोडा, गोड तर विसराच. बाहेर पडल्यावर भाऊंनी खिशातून छोटी डायरी काढली, कोऱ्या पानावर वर 'श्री' लिहिलं आणि मला विचारलं, "कधीपासून?" मी म्हणालो, "सोमवारपासून." तो शुक्रवार होता, म्हणून आम्ही समोरच्या टपरीवर शेवटची म्हणून भजी खाल्ली.

फिरतीवर पथ्य पाळणं किती कठीण असतं ते फिरतीवाल्यालाच कळेल. दिवसाला दहा दुकानं, आणि दहाही दुकानांत चहा. चहाला नको म्हटलं की दुकानदाराचा चेहरा पडतो आणि मग ऑर्डरही गळून पडते. दुपारी ढाब्यावर जे असेल ते. संध्याकाळी लॉजच्या खोलीत करण्यासारखं काही नसतं, म्हणून माणूस खातो. आमचे सोमवार साधारण मंगळवारी दुपारी संपायचे.

तरी आम्ही आशा सोडली नाही, हे मात्र खरं. एक जानेवारी झाला, दोघांचे वाढदिवस झाले, दसरा झाला. प्रत्येक वेळी डायरीत नवं पान, नवा 'श्री'. एक पाडवा तर आमचा चक्क अकरा दिवस टिकला. येवल्यात आम्ही सकाळी सहाला उठून गल्लीबोळांतून चालत होतो. घराघरांतून हातमागांची खटखट ऐकू यायची. भाऊ एका दारापाशी थांबले, आत पैठणीवर वाकलेल्या माणसाकडे पाहत म्हणाले, "बघ राव, याचे पाय पहाटेपासून चालूच हायेत, पण माणूस जागेवर." मग स्वतःच्याच पोटावर हात ठेवून हसले. माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे दिवस मला कोणी विचारले, तर मी ते अकरा दिवस सांगेन.

बाराव्या दिवशी एका दुकानदाराच्या मुलीचं लग्न होतं. जिलबी नको म्हणणं शक्यच नव्हतं. त्यानंतरच्या सकाळी मी जागा झालो तेव्हा भाऊ पांघरुणातूनच म्हणाले, "काल खाडा पडला. आता अक्षय तृतीयेपासून." मला ते अगदी पटलं. खाडा पडला की दुसऱ्या दिवशी फक्त पुन्हा उठायचं असतं, हे आम्हा दोघांना पाच वर्षांत एकदाही सुचलं नाही. मोडलेलं काम मधूनच जोडायचं आम्हाला कसंतरीच वाटायचं. मुहूर्त पाहिजे, डायरीचं पान कोरं पाहिजे.

घरच्यांच्या लेखी मात्र आमचं चालणं एकही दिवस चुकत नव्हतं. नाशकात असले की भाऊ चालायला म्हणून बाहेर पडायचे आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर बसून परत यायचे. फिरतीवर असलो की वहिनी, म्हणजे भाऊंच्या बायको, रोज सकाळी सातला फोन करायच्या. भाऊ लॉजच्या गादीवर मांडी घालून बसलेले असायचे. फोन वाजला की ते दोन-चार धापा टाकायचे आणि म्हणायचे, "चाललोय, चाललोय, अर्धा रस्ता झाला." मला डोळ्यांनी खूण करायचे. मी खिडकी उघडायचो, म्हणजे रस्त्याचा आवाज आत यायचा. कधी फोन माझ्या हातात द्यायचे. मी म्हणायचो, "वहिनी, भाऊंच्या पुढे मी कुठला जातोय, मीच मागे पडतो." मग फोन ठेवून आम्ही पोट धरून हसायचो. वहिनी दर सोमवारी डब्यात मोड आलेले मूग द्यायच्या. भाऊंना ते आवडत नसत, म्हणून मी खायचो. माझी साखर अजून ताब्यात आहे ती कदाचित त्या मुगांमुळे असेल.

गेल्या पितृपक्षात येवल्याच्या लॉजचा जिना चढताना भाऊ दुसऱ्या वळणावर थांबले. एका हाताने कठडा धरला, दुसरा छातीवर. मी विचारलं तर म्हणाले, "गॅस हाय रे. दुपारचं पिठलं लय तिखट होतं." दोन दिवसांनी सटाण्यात पुन्हा तसंच झालं, आणि या वेळी पिठलं खाल्लेलं नव्हतं. मी म्हणालो, उद्या नाशकात गेलो की दाखवून घेऊ. ते म्हणाले, "पितृपक्षात दवाखान्याची पायरी कशाला चढायची? घटस्थापनेला जाऊ. त्याच दिवसापासून चालायला पण लागू. या वेळी नक्की."

मी पितृपक्ष वगैरे मानत नाही. मी तिथे हट्ट धरायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशी मला बायकोबरोबर सासुरवाडीला जायचं होतं, आणि घटस्थापनेला नऊच दिवस होते. मी नुसता हो म्हणालो असं नाही. डायरी मीच ओढून घेतली, पानावर 'श्री' लिहिलं आणि खाली लिहिलं, 'दवाखाना, सकाळी दहा.' ते अक्षर माझं आहे.

त्यानंतरच्या सोमवारी मी निमाणीसमोर गाडी लावून वाट पाहत होतो. भाऊ कधी उशीर करत नसत. वीस मिनिटांनी फोन वाजला, तो त्यांच्या मुलीचा. अंघोळीला गेले ते बाहेर आलेच नाहीत. घटस्थापना त्या आठवड्यातच होती.

दहाव्याच्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "रोज चालायचे हो ते. भाऊजी, तुम्ही तर बरोबर असायचात." मी होकारार्थी मान हलवली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच सांगत होत्या, आणि मी कोपऱ्यात बसलेलो असलो की माझ्याकडे बोट दाखवायच्या. माणसं माझ्याकडे पाहायची. मी दर वेळी मान हलवली. मेलेल्या माणसाची अब्रू राखतो आहे, असं मी स्वतःला समजावत होतो. माझी अब्रूही त्यातच राखली जात होती, तिकडे मी बघत नव्हतो.

पुढच्या अक्षय तृतीयेला त्यांच्याकडे घागर भरली. गेलेल्या माणसासाठी त्या दिवशी पाण्याने भरलेली मातीची घागर पुजतात. जेवणं झाल्यावर मुलगी मला गॅलरीत घेऊन गेली. म्हणाली, "काका, आईला शुगर निघालीये. बरीच आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, ती ऐकतच नाही. तुम्ही सांगा ना." मी आत जाऊन वहिनींना म्हणालो, चालायला पाहिजे तुम्ही. त्या भांडी आवरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "त्यांचं काय झालं चालून? पाच वर्षं एक दिवस चुकले नाहीत. मूग खाल्ले, सगळं केलं. होणारं होतंच. मी कशाला पाय झिजवू?"

आमची थट्टा त्यांच्या आयुष्यावर येऊन बसली होती. खरं सांगणं भाग होतं, आणि ते सांगू शकणारा मी एकटाच उरलो होतो.

तरी मी काय केलं? दिवस ठरवला. आज घागर आहे, आज नको. रविवारी जाऊ. रविवारी त्यांच्याकडे पाहुणे होते. मग पहिल्या तारखेला ठरवलं. त्या दिवशी मी सटाण्यात होतो, फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही म्हणून मीच मला सूट दिली. मग वाटलं, त्यांच्या वाढदिवसानंतर. दर मुहूर्ताला एक कारण मिळत गेलं. मुलीचा मधे फोन आला, आईची साखर आणखी वाढली, पायाला मुंग्या येतात. मला रात्री झोप लागेना.

एका बुधवारी मी लासलगावात एका दुकानात बसलो होतो. चहा आला. मी कप उचलला आणि खाली ठेवला, दुकानदाराला म्हणालो, मला निघायला हवं. काहीच विशेष नव्हतं त्या दिवसात. नंतर दिनदर्शिकेत पाहिलं तर अमावस्या होती.

नाशकात पोहोचलो तेव्हा वहिनी घरी एकट्याच होत्या. मी चप्पल काढली आणि उभ्यानेच बोलायला लागलो, कारण बसलो असतो तर पुन्हा इकडचं-तिकडचं बोललो असतो. म्हणालो, "वहिनी, भाऊ चालत नव्हते. अकरा दिवस चालले, एका पाडव्याला. बाकी सगळं खोटं." मुगांचं सांगितलं. जिन्याचं सांगितलं. डायरीतलं अक्षर माझं होतं, तेही सांगितलं.

त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "आणि ते फोनवर धापा टाकायचे ते?"

"गादीवर बसून."

"गाड्यांचा आवाज यायचा."

"खिडकी मी उघडायचो."

मला वाटलं, आता त्या ओरडतील. मी त्याची तयारी करूनच आलो होतो. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. म्हणाल्या, "मी वर्षभर माझ्या स्वयंपाकाला दोष देतेय, भाऊजी. एवढं चालून माणूस जातो, म्हणजे माझ्याच हातून काहीतरी जास्त पडत असणार. तेल, मीठ, काहीतरी. फोडणी घालताना चमच्याने तेल मोजते मी आता." मग त्या रडल्या. मीही रडलो, बसायचं राहिलंच होतं, उभ्यानेच. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आता तुम्ही जा." पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते योग्यच होतं.

पुढचे पंधरा दिवस त्यांच्याकडून काही आलं नाही. मुलीला विचारायचा धीर मला झाला नाही.

मग एका सकाळी येवल्यात, त्याच लॉजमध्ये, सात वाजता फोन वाजला. पडद्यावर वहिनींचं नाव होतं, मी उचलला. पलीकडून त्यांना दम लागलेला ऐकू येत होता. मागे रिक्षाचा हॉर्न वाजला, कोणीतरी भाजी घ्या म्हणून ओरडलं.

"कुठे आहात?"

"येवल्यात."

"चालताय?"

मी खिडकीकडे पाहिलं. ती बंद होती. शेजारची गादी रिकामी होती.

"नाही वहिनी. गादीवर बसलोय."

पलीकडे त्यांच्या चपलांचा आवाज चालूच होता. मग म्हणाल्या, "उठा."