बेटाचा बेत

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी कॉलनी 'वरखाली' म्हणायची. तोंडावरसुद्धा. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. दिवसभर तो कुठल्या ना कुठल्या इमारतीत लिफ्टच्या टपावर उकिडवा बसून तारांना ग्रीस लावायचा, दारं का अडतात ते बघायचा, आणि दोन मजल्यांच्या मध्ये कुणी अडकलं असेल तर फटीतून त्याच्याशी गप्पा मारत बसायचा. अडकलेली माणसं फार मोकळेपणाने बोलतात, असं त्याचं मत होतं. स्वतः मात्र तो एक गोष्ट आजवर कुणाशी बोलला नव्हता, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

त्याच्या बायकोचं घराखालीच केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, आणि गिऱ्हाइकांची अखंड बडबड. एक दिवस एक बाई भूमध्य समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरून परत आल्या त्या थेट केस कापायलाच. केस ओले केल्यापासून वाळवेपर्यंत त्यांनी तोंड मिटलं नाही. पांढरी शुभ्र घरं काय, निळी दारं काय, आणि पाणी इतकं नितळ की गळ्यापर्यंत आत उभं राहिलं तरी आपल्याच पायांची नखं दिसतात. संध्याकाळी दुकान बंद करून बायको वर आली, दारात चपला काढल्या, आणि आत यायच्या आधीच म्हणाली, "अहो, आपण बेटावर जायचं."

"कसलं बेट?"

"त्या बाई जाऊन आल्या ते. लोकांच्या सुट्ट्या ऐकून ऐकून माझे कान किटलेत. आता माझी सुट्टी कुणीतरी ऐकायची."

बायकोने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. एवढा फरक वरखालीला इतक्या वर्षांच्या संसारात कळायला लागला होता. विमानाची त्याला भीती नव्हती. विमान म्हणजे तार नसलेली लिफ्ट, असं तो मानायचा. जेवायला बसल्यावर त्याने उगीच आपलं विचारलं, "म्हणजे विमान बेटावरच उतरणार ना?"

"छे. बेट केवढंसं! विमान अलीकडच्या बंदरापर्यंत. पुढे बोट."

वरखालीचा घास तोंडात तसाच राहिला.

त्याला कारण होतं. लग्न नवं नवं असताना दोघं बायकोच्या माहेरच्यांबरोबर एका तळ्यावर गेले होते. तिथे पायाने पायडल मारत फिरायच्या बोटी होत्या, बदकाच्या आकाराच्या. तळं शांत, वारा नाही, बाजूने लहान मुलं खिदळत जाताहेत, आणि तळ्याच्या मध्यावर पोचेपर्यंत वरखाली हिरवा पडला. बदकाच्या मानेला मिठी मारून त्याने जे काही केलं ते सांगण्यासारखं नाही. काठावर सासूबाई आणि मेहुणा उभे होते. लांबून त्यांना एवढंच दिसलं की बदकात कुणाला तरी उलट्या होताहेत. उतरल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय गं, काय झालं?" नव्या नवऱ्याची अब्रू झाकायला बायको पटकन बोलून गेली, "मला मळमळलं." वरखाली गप्प राहिला. नंतर खरं सांगू, असं त्याच्या मनात होतं. पण ते नंतर काही आलंच नाही. तेव्हापासून कुठेही निघालं की सासूबाई लेकीच्या हातात एक लिंबू द्यायच्या आणि ती मुकाट्याने ते हुंगत बसायची.

रविवारी सासूबाई आणि मेहुणा बेटाचं ऐकून आले. ते मागच्याच गल्लीत राहायचे. सासूबाईंना कुणी चला म्हटलं नव्हतं, पण त्या डोक्यावर परातीएवढी गवती टोपी घालूनच दारात उभ्या राहिल्या. "कालच घेतली," त्या म्हणाल्या. टोपीला पिवळी रिबीन होती. टोपी काढायला त्या तयार नव्हत्या, त्यामुळे स्वयंपाकघरात जायचं तर सगळ्यांना त्यांना वळसा घालून जावं लागत होतं.

मेहुणा फरश्या बसवायचा, आणि जी गोष्ट कधी पाहिली नाही तिच्याबद्दल फार अधिकाराने बोलायचा. "त्या भागात वारा उलटा वाहतो," त्याने बसल्या बसल्या सांगितलं. "लाटा आडव्या येतात. ताईचं कसं व्हायचं?"

"तेच म्हणते मी," सासूबाई म्हणाल्या. "हिला साधं बदक सोसलं नाही. समुद्र कसा सोसेल?"

सगळ्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मिठाच्या बरणीकडे पाहत होता. पाहता पाहता त्याला वाटलं, देवच पावला! तो घसा खाकरून म्हणाला, "मला काय, मी कुठेही येईन. पण हिलाच त्रास होणार असेल तर… तब्येतीपेक्षा बेट मोठं आहे का?"

बायकोने भुवई उचलली. केस कापताना गिऱ्हाइकाने मान हलवली की ती उचलायची, तशीच. मग गोड आवाजात म्हणाली, "त्रास सवयीने जातो म्हणतात. मी सराव करीन."

मेहुण्याला एवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी तो पंक्चर काढणाऱ्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबा घेऊन आला. त्यांत हवा भरून त्याने त्या बाहेरच्या खोलीत मांडल्या आणि त्यावर घरातला लोखंडी पलंग चढवला. एका बाजूला नुसतं बोटाने दाबलं तरी पलंग डुलायचा. "ही झाली बोट," तो म्हणाला. दुकानातून केस वाळवायचं यंत्र वर आलं, ते वाऱ्यासाठी. पाणी फवारायच्या बाटलीत मिठाचं पाणी भरलं, ते तुषारांसाठी. सासूबाईंनी समुद्राच्या आवाजाचं काम आपण होऊन घेतलं आणि खुर्चीत बसून त्या "स्सूऽऽ, स्सूऽऽ" करू लागल्या. टोपी मात्र त्यांनी तुषारांनी भिजू नये म्हणून काढली आणि जावयाच्या हातात दिली. "जावईबापू, नीट धरा हं. नवी आहे."

बायको पलंगावर चढली, पाठीशी उशी घेतली, पाय पसरले आणि नखांना कानस लावत बसली.

"लाट!" मेहुणा ओरडला आणि त्याने पलंग ढकलला.

पलंग डावीकडे गेला, उजवीकडे आला. बायको करंगळीचं नख घासत होती.

"मोठी लाट!"

सासूबाईंचा आवाज चढला. यंत्राचा गरम वारा सुटला. भिंतीवरचं घड्याळ, पलंगाचा कठडा, बायकोचे पाय, सगळं वरखालीच्या डोळ्यांपुढे एकदा वर जात होतं आणि एकदा खाली. तो पक्क्या जमिनीवर, भिंतीला टेकून उभा होता. तरीसुद्धा त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने खिडकीबाहेर पाहायचा प्रयत्न केला, पण खिडकीही डुलायला लागली होती.

"ताई, कसं वाटतंय?"

"मस्त," बायको म्हणाली. "जरा जोरात ढकल की. झोप येतेय."

"वादळ!" मेहुण्याने आरोळी ठोकली आणि सगळा जीव लावून पलंग हलवला.

त्या वादळात फक्त एक माणूस बुडाला. वरखालीच्या तोंडून "आई गं" एवढंच आलं. पुढचं सगळं सासूबाईंच्या टोपीत गेलं.

समुद्र थांबला. यंत्र तेवढं घरघरत होतं.

"जावईबापू," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "ती माझी टोपी आहे."

वरखाली टोपी दोन्ही हातांत धरून खाली बसला. सुटल्यासारखं वाटत होतं, पोटालाही आणि मनालाही. "आई," तो म्हणाला, "बदकातसुद्धा मीच होतो."

"म्हणजे?"

"हिला काही झालं नव्हतं. उलट्या मला झाल्या. ही तुमच्यासमोर माझ्यासाठी खोटं बोलली."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. "मग एवढी वर्षं मी दिलेली लिंबं?"

"हुंगली," बायको म्हणाली. "काय करणार?"

मेहुण्याला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते बोट वाया गेल्याचं. "मग भाऊजींना बसवू या पलंगावर," त्याने सुचवलं, पण वरखालीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो गुपचूप ट्यूबांची हवा सोडायला लागला.

रात्रीच्या जेवणाला बायको सहज म्हणाली, "तुम्ही असं करा, घरीच राहा. आम्ही तिघं जाऊन येतो."

हे मात्र वरखालीला लागलं. "वा गं वा! म्हणजे त्या नितळ पाण्यात तुझी नखं तू एकटीच बघत उभी राहणार?"

"मग बोटीचं काय?"

याचं उत्तर मिळालं औषधाच्या दुकानात. तो गेला होता पोट ठिकाणावर आणायचं काहीतरी आणायला. तिथल्या बाईंनी पोटाला काय झालं म्हणून विचारलं, आणि हा लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासारखा सगळं सांगून बसला. बदक, लिंबं, पलंग, टोपी. बाईंनी ऐकून घेतलं आणि ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. "बोट लागण्यावर गोळी असते. चढायच्या आधी घ्यायची. झोप येते थोडी."

"गोळी असते?"

"कधीपासून आहे."

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा बायकोने पाकीट हातात घेऊन दोनदा उलटसुलट करून वाचलं.

अखेर सगळे निघाले. सासूबाईंनी नवी टोपी घेतली होती आणि ती जावयापासून हातभर लांब धरली होती. बंदरावर वरखालीने गोळी घेतली. घाबरून त्याने आणखी एक घेतली. बोट सुटायच्या आधीच तो बाकावर आडवा झाला आणि घोरायला लागला. समुद्र कसा होता, वारा उलटा होता की सुलटा, त्याला काही कळलं नाही. बेट आलं तेव्हा बायकोने सासूबाईंचा हात धरला, मेहुण्याला म्हणाली, "यांना उठव," आणि पुढे होऊन उतरली. इंजिनाच्या आवाजात मेहुण्याला वाटलं, ताई मला बॅगा उचल म्हणाली. त्याने बॅगा उचलल्या. सगळे धक्क्यावर जमले आणि माणसं मोजली, तोवर बोट बरीच लांब गेली होती.

"अहो!" बायको ओरडली. बोटीने भोंगा वाजवला.

वरखालीला जाग आली ती पुढच्या बेटावर, शेवटच्या थांब्याला. खलाशाने त्याला हलवून उठवलं. परतीची बोट संध्याकाळी होती. त्याच्याकडे ना बॅग, ना गोळ्या, ना त्या भाषेतला एक शब्द. बायकोला फोन करून त्याने आपण जिवंत असल्याचं सांगितलं. ती आधी रडली, मग हसली, आणि मग म्हणाली, "आता संध्याकाळपर्यंत मी पाण्यात आहे, फोन करू नका."

संध्याकाळी ती धक्क्यावर आली तेव्हा उन्हाने नाक लालबुंद झालं होतं आणि केसांत वाळू होती. बोट लागली. वरखाली पांढराफटक चेहरा घेऊन खाली उतरला. पण या वेळी उतरला बरोबर ठिकाणी. अंगात ढगळ निळा लोकरी स्वेटर होता, बाह्या बोटांच्याही पुढे आलेल्या.

"हा कुणाचा?"

"तिथल्या एका म्हाताऱ्याचा. जाळी विणत बसला होता. मी शेजारी बसलो. त्याने पाव दिला, टोमॅटो दिला. मग आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो."

"कुठल्या भाषेत?"

"गुडघ्यांना कसली भाषा? त्याचा डावा दुखतो, माझा उजवा. निघताना गार वारा सुटला, तर त्याने स्वतःचा स्वेटर काढून दिला."

"आणि येताना त्रास झाला?"

"दोनदा. स्वेटर वाचवला." तो बाह्या सावरत म्हणाला. "हा परत द्यायला हवा. उद्या जाऊन येतो."

"कशाने जाणार?"

"बोटीने. मग काय पोहत?"

बायकोने त्याच्याकडे नीट बघितलं. मग पर्समधलं गोळ्यांचं पाकीट काढून त्याच्या हातावर ठेवलं. "एकच घ्यायची. आणि मी पण येतेय. माझाही गुडघा दुखतो."