आतून कडी नसलेली गाडी

दुष्काळाच्या वर्षी मी मिशनच्या फिरत्या दवाखान्यात नर्स होते. फिरता दवाखाना म्हणजे एक जुनी बंद गाडी. पुढे ड्रायव्हरकाका आणि डॉक्टरीणबाई, मधे पत्रा, मागे दोन बाकं, बाजूला उघडी खिडकी, औषधांच्या पेट्या, स्टोव्ह, वळकट्या आणि मी. सोमवारी नगर सोडायचं, दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना तपासत गावोगाव फिरायचं, मुक्काम गाडीतच, शनिवारी परत. मागच्या दाराला कडी फक्त बाहेरून होती. काका ती घालून पुढे गेले की मी पेटीतल्या बाटल्यांसारखी बंद.

आतून कडी बसवा म्हणून मी तीनदा सांगितलं होतं. काकांचं म्हणणं, हादऱ्याने निघेल आणि तुम्ही रस्त्यावर पडाल. बाई म्हणायच्या, बघू. त्या ‘बघू’ला आठ महिने झाले होते.

काका पूर्वी एस.टी.वर होते, त्यामुळे खुणा एस.टी.च्याच. पत्र्यावर एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, त्याहून जास्त म्हणजे कुठे न थांबता दामटा. मला लघवीला जायचं असलं की मी एक टोला द्यायचा. मग काका गाडी उभी करून सभ्यपणे समोर बघत बसायचे आणि बाई उतरून कडी काढायच्या. बावीस वर्षांची मी, बिगरीतल्या पोरीसारखी बाहेर सोडा म्हणून सांगत होते. लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा राग जास्त यायचा.

त्यात बाईंनी आपला काळा कुत्रा आणला. उघड्या माळावर दोघी बायका झोपतो, राखण हवी, हे खरंच होतं. पण पहिल्याच दिवशी त्याने टिंक्चरच्या दोन बाटल्या लोळवल्या, म्हणून गाडी चालू असताना त्याला बांधायचं ठरलं. काकांनी घोडेगावच्या बाजारातून बैलाचं दावं आणलं. एक टोक त्याच्या गळ्यात, दुसरं पलीकडच्या बाकाच्या पायाला, आणि मधे बैलाला कडब्यापर्यंत पोचता यावं इतका ढील. काका शेतकऱ्याच्या घरचे, त्यांनी आयुष्यभर असंच जनावर बांधलेलं. बैल खिडकीतून उडी मारत नाही, हे तेव्हा मलाही सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यात शेळ्या आडव्या आल्या. गाडी जरा हळू झाली, आणि कुत्रा माझ्या मांडीवरून थेट खिडकीबाहेर गेला. दावं ताणलं. तो बाहेरच्या अंगाला गळ्याने लोंबकळत होता, पाय जमिनीपर्यंत पोचत नव्हते, आणि शेळ्या मागे टाकून गाडी पुन्हा वेग घेत होती.

मी खिडकीतून वाकून डावा हात त्याच्या पुढच्या पायांखाली घातला आणि त्याचं ओझं उचलून धरलं. आत ओढण्याइतकं बळ नव्हतं. कात्री पेटीत, पेटी हाताबाहेर. मी ओरडले, पण इंजिनपुढे माझा आवाज कुठला जातोय. उजव्या हाताने मी पत्रा बडवायला लागले. बडवत राहिले. गाडी आणखी पळायला लागली.

मग लक्षात आलं, मीच पळवतेय.

हात आवरणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. कुत्र्याचे डोळे पांढरे होत होते आणि मला काहीही न वाजवता थांबायचं होतं. मनात दहा मोजले. मग एकच टोला दिला आणि मूठ दातांत धरली.

गाडी थांबली. काका नेहमीप्रमाणे समोर बघत बसले. बाई डुलकीतून जाग्या होऊन, पदर सावरून, सावकाश उतरल्या, आणि खिडकीखाली येऊन किंचाळल्या. काका धावले, त्यांनी कुत्र्याला खालून उचललं, तेव्हा कुठे माझा हात सुटला.

काकांचा चेहरा उतरला होता. “सिस्टर, तुमी तर चला चला म्हनत हुता.”

कुत्रा वाचला. दोन दिवस त्याचं भुंकणं फाटक्या भात्यासारखं होतं. गळ्याची जखम मी धुतली. मग माझ्या वळकटीचे चामडी पट्टे काढून एक त्याच्या छातीवरून आणि एक पोटाखालून घेतला, दोन्ही पाठीवर बकलाने जुळवले आणि दावं कापून हातभर ठेवलं. गळ्यात काही नाही. माझी वळकटी त्यानंतर सुतळीने बांधली जायची.

त्याच संध्याकाळी बाई म्हणाल्या, “आतून कडी असती तर गाडी थांबल्याबरोबर तू उतरून त्याला उचललं असतंस. उद्याच बसवून घेऊ.”

देवळाली प्रवरा गावच्या लोहाराने ती अर्ध्या तासात बसवली. मी आठ महिने मागत होते. त्या अर्ध्या तासात मला कुत्र्याचा हेवा वाटला, आणि ज्याला आदल्याच दिवशी मरताना धरलं त्याचा हेवा करतेय म्हणून स्वतःचीच चीड आली.

निघताना काकांनी बाहेरून कडी घातली नाही. मी आतून घातली, काढली, दार उघडून रस्ता बघितला, पुन्हा घातली. कुत्रा पट्ट्यात बसून माझ्याकडे बघत होता. मग मी पत्र्यावर दोन टोले दिले.