शून्य भरूनही डावीकडे ओढ

मी आकड्यांचा माणूस. जे मोजता येत नाही त्यावर बोलायची मला सवय नाही, म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले...

छत्रपती संभाजीनगर, मुकुंदवाडी. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी पंखे-पंपांच्या मोटारींचं डिझाइन करतो. मोटारीत फिरणारा रोटर मध्यापासून केसभर जरी सरकला, तरी चुंबकाची ओढ त्या बाजूला वाढते. ती कॉम्प्युटरवर मोजायला मी शिकत होतो. सरावासाठी घरचीच मोटार घेतली — बायकोच्या घरघंटीची. मापं मोटारीच्या छापील ड्रॉइंगवरून.

पहिलं गणित नेहमी रोटर बरोबर मध्ये धरून करतात. सरकण्याच्या रकान्यात शून्य भरायचं. ओढही शून्यच यायला हवी.

आली नाही. डावीकडे, जरा खाली ओढ. फाइल नव्यानं बनवली — तेच. कारखान्यातली दुसरी मोटार घालून पाहिली, तिचं उत्तर चोख शून्य.

रविवारी सकाळी बायको, सुनीता, ज्वारी दळायला निघाली, तेव्हा मला राहवेना.

"आज चक्की लावू नको. कॉम्प्युटरवर ओढ दिसतेय."

"मग कॉम्प्युटर बंद ठेवा. भाऊ-वहिनी फुलंब्रीहून निघालेत. भाकरी काय तुमच्या फाइलीच्या थापू?"

मी प्लग काढला आणि वायर हातात धरून बसलो. शेवटी सलीमभाई मेकॅनिकला बोलावलं.

मोटार उघडली. बेअरिंग गेलं होतं. रोटर आत घासत होता — डावीकडे, जरा खाली. तिथलं इन्सुलेशन जळून तांबं उघडं पडलेलं.

"भाबी, पीसते टाइम हात किधर रखते तुम?"

सुनीतानं चक्कीच्या पत्र्यावर हात ठेवून दाखवला.

"अर्थिंग की वायर भी निकली है," सलीमभाई हळूच म्हणाले. "और एक-दो बार चलाते तो..." आणि उघड्या तांब्यावरून बोट पत्र्याकडे नेलं.

इथवर योगायोग म्हणता येईल. पण नवं बेअरिंग बसल्यावर मी तीच फाइल, एकही आकडा न बदलता, पुन्हा चालवली. ओढ शून्य. लॅपटॉप त्या चक्कीला कधी जोडलेलाच नव्हता. ऑफिसातले म्हणतात, गणितातली बारीक चूक असेल. असेल. पण चुकीला बाजू कशी कळली?

आता दळण असलं की सुनीता प्लग हातात धरून थांबते.

"पाहिलं का?"

मी लॅपटॉप उघडतो. उत्तर शून्य आलं की मगच ती प्लग लावते.