गालगुच्चा घेणारे सर

मी शाळेत खिचडी शिजवते. मुलांना अंगाची सुरक्षा शिकवायला घाटंजीहून एक सर येतात. कापूस वेचायला न गेलेली पोरं समोर बसवून, बाहुलीवर बोट ठेवत ते सांगतात, "कोणी हात लावला आन् आवडलं नाही, तर ओरडाचं. समजलं नं?" बरोबर उत्तर दिलं की शाबासकी म्हणून गालगुच्चा, गाल लाल होईपर्यंत.

एकदा सरांनी गाल धरताच चौथीतली माझी नात ओरडली, "नाही! हात लावू नका!"

सर उखडले. "मले म्हणते? मी सर आहो! माफी माग."

पोरगी रडवेली झाली. मी हातातल्या पळीसकट वर्गात शिरले.

"तिनं माफी कायले मागाची? इतक्या पोरांत हिलेच तर तुमचा धडा समजला!"

तेव्हापासून सर दोन्ही हात खिशात घालून शिकवतात. बाहुलीलाही बोट लावत नाहीत.