बसबद्दल कुणाची हरकत नव्हती

ही गोष्ट आमच्या ह्यांनाही ठाऊक नव्हती. पुढे हे गेले, तरी सांगायची राहिली ती राहिलीच. बहिणीला नाही, लेकाला नाही, देवापुढेसुद्धा मोठ्यानं नाही. आज तुम्हांला सांगतेय — का, ते विचारू नका. माझं मलाच नीट कळलेलं नाही.

गावाचं नाव नाही घेत. मध्य प्रदेशात धारहून धामनोदकडे निघालात की लागतं, एवढं पुरे. आमचा मोहल्ला मराठी. कुणाचे पणजोबा दरबारात कारकून, कुणाचे घोड्यांच्या पागेवर. आता कुणी शिवणकाम करतं, कुणाचं किराणा दुकान, कुणी मास्तर. मी मास्तरीण. जन्मभर हिंदी शाळेत पोरांना शिकवलं, घरी मराठी बोलले, आणि भांडले दोन्ही भाषांत. माझी जीभ तिखट. नळवाला, वीजवाला, वार्डाचा पार्षद — मला पाहिलं की गल्ली बदलायचे. मला त्याचा गर्व होता. होताच, खोटं कशाला बोलू?

रिटायर झाल्यावर मोबाइलवरच्या ग्रुपात मोहल्ल्याची खबरबात लिहायचं काम मी अंगावर घेतलं. पाणी कधी येणार, कुठला रस्ता खोदून ठेवलाय, नगर परिषदेच्या बजेटमध्ये आपल्या वाट्याला काय. लिहायची हिंदीत, कारण नव्या पोरांना मराठी वाचताना ठेचा लागतात. पण म्हाताऱ्या बायका दारात अडवून म्हणायच्या, ‘ताई, आपल्या बोलीत सांगा बघू.’ मग मी ओट्यावर टेकून सांगायची. आणि मी सांगितलं म्हणजे ते खरंच, असा भरवसा होता बायकांचा.

तर — बस. सकाळी धारला जाणारी एक छोटी बस होती. परिषद तिला बजेटमधून थोडी मदत द्यायची, म्हणून ती हायवेवरून परस्पर न जाता आमच्या मोहल्ल्याच्या तोंडापर्यंत यायची. तिच्यात दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं असायची, दुधाच्या किटल्या असायच्या, आणि असायची पूजा. पूजा म्हणजे समोरच्या शालनची लेक. शालन ब्लाउज शिवते, नवऱ्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान. पोरगी धारला नर्सिंग शिकत होती. मोहल्ल्यातून तिथवर पोचलेली ती पहिलीच. तिच्या बापाची एकच अट — बस दारातून जाते तोवर शिकायचं. फाट्यावर, ट्रकांच्या आणि ढाब्यांच्या गर्दीत, आपली पोरगी उभी राहणार नाही. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता. आणि भित्र्या माणसाला मी कोणत्या तोंडानं नावं ठेवू?

त्या वर्षी माझ्याकडच्या हळदीकुंकवात ती बातमी आली. नव्या बजेटमध्ये बसची मदत बंद, त्याऐवजी हायवेवर स्वागतद्वार. स्वागतद्वार, हो! येणाऱ्याला तोरण आणि जाणाऱ्या पोरीचे पाय बांधून ठेवायचे. बायका चिडल्या. पण आमच्याकडे बायका घोळक्यानं परिषदेत जात नाहीत. एकीला पाठवतात, ती येऊन सांगते, झालं. मी शालनला कुंकू लावून वाण पुढे केलं, तर तिनं माझा हातच धरला. ‘ताई, यंदा मला वाण नको. बैठकीत माझ्या पूजाची बस मागा.’ सगळ्या ऐकत होत्या. मी पदर खोचला. ‘बघतेच एकेकाला,’ म्हटलं.

आता बैठक. मनातल्या मनात किती वेळा इथवर आले आणि इथूनच मागे फिरले! आज नाही फिरत.

जनतेनं यावं, बजेटवर सूचना द्याव्यात, अशी ती बैठक. हॉलमध्ये आमच्या मोहल्ल्यातलं दुसरं कुणी नव्हतं. मी मागे बसून वाक्यं जुळवत होते. अध्यक्ष आला — माझा विद्यार्थी. पाढे येत नाहीत म्हणून कितीदा बाकावर उभा केलेला. तो भरल्या सभेत सरळ माझ्याकडे आला, वाकून पाया पडला, आणि हाताला धरून मला पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. बाकीच्यांना कागदी कपात चहा, मला कपबशीत. किती क्षुल्लक वाटत असेल हे तुम्हांला! मलाही वाटायला हवं होतं.

एकेक बाब वाचली जात होती. गटार, दिवे, मग बस. कुणाची आपत्ती, म्हणजे हरकत? तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, ‘अपनी मैडम जी बैठी हैं. इनकी हां, तो मोहल्ले की हां.’ सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

घसा बसला होता, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. मग सांगायला लागले की गडबड होती, बोलायला सवडच दिली नाही मेल्यांनी. मग म्हटलं, ठरलेलंच होतं सगळं, मी बोलून काय दिवे लागणार होते? झूट. सगळं झूट. सवड होती. तो थांबला होता, हॉल थांबला होता. आणि घसा चांगला खणखणीत होता — कारण मी बोलले. म्हणाले, ‘हां भिया, ठीक है.’

नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ — पण नाही. मी हो म्हणाले. मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी काही देऊ केलं नव्हतं. मला फक्त बरं वाटत होतं. रिटायर झाल्यापासून मोहल्ल्याबाहेर मला कुणी विचारेनासं झालं होतं, आणि इथं चारचौघांत मान मिळत होता. तो मला आणखी थोडा वेळ हवा होता. पूजा डोळ्यांसमोर आलीच नाही का? आली ना. आली, आणि मी तिला बाजूला सारलं.

घरी परतले तर शालन दारातच. कापड बेतता बेतता उठून आलेली, हातात कात्री तशीच. मी चपला काढायच्या आत खोटं बोलले. ‘खूप भांडले गं, ऐकत नाहीत मेले.’ संध्याकाळी ग्रुपातही तेच लिहिलं, जरा तिखटमीठ लावून. शालन आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली. म्हणाली, ‘तुम्ही होतात म्हणून तेवढं तरी बोललं गेलं, ताई.’ मी तांब्याभर पाणी प्यायले.

बस मोहल्ल्यापर्यंत यायची बंद झाली, हायवेवरूनच जायला लागली. काही दिवस बाप पूजाला स्कूटरवर फाट्यापर्यंत सोडायचा, बस मिळेपर्यंत उभा राहायचा. मग त्याला दुकान सोडवेना. मग तिचं कॉलेज सुटलं. मग मनावर गावचं स्थळ आलं, आणि पोरगी सासरी गेली. आणि मला? पुढच्या संक्रांतीला शालननं पहिलं कुंकू मला लावलं. नव्या सुनांना सांगत होती — ही आपली ताई, परिषदेत वाघिणीसारखी भांडली हो. मी मान खाली घातली. बायकांना वाटलं, मी लाजले.

गेल्या दिवाळीत पूजा माहेरी आली होती. फराळाचं ताट घेऊन माझ्याकडे आली, बराच वेळ बसली. सासरी कुणाला ताप आला की हिलाच हाक मारतात, आणि नंतर ‘अधुरी नर्स’ म्हणून हसतात. हे ती हसत हसतच सांगत होती. मग म्हणाली, ‘सच्ची सांगू काकू? बस गेली त्याचं आता तेवढं वाईट नाही वाटत. माझ्यासाठी कुणीच बोललं नसतं ना, तर मी तेव्हाच मेले असते. कुणी टोचून बोललं की मी मनात म्हणते, बोल बाई, माझ्या बाजूनं भरल्या सभेत एक जण उभी राहिली होती.’

मी काय केलं? चकली मोडली. ‘अगं, त्यात काय एवढं,’ म्हणाले.

आता खरं सांगितलं तर तिचा तेवढा आधार जाईल, म्हणून मी गप्प आहे — असं भलं कारणही मला सुचतं. मास्तरीण आहे ना, कारणं लगेच सुचतात. ते खरं नाही. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघते, ती मला जाऊ द्यायची नाही. त्या दिवशी सभेत मला जे हवं होतं, तेच आजही हवं आहे.

पूजा मनावरलाच असते. तिचा नंबर माझ्याकडे आहे. मी लावलेला नाही.