करुणाच्या मामाचा रकाना

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आणि व्हायरस, कॅशे वगैरे सुचवणार असाल तर राहू द्या… सगळं बघून झालंय.

मी बालाघाटला सॉफ्टवेअरची कामं करतो. आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका माझ्याच प्रोग्राममधून निघते. आमच्यात स्थळ बघताना मामाचं घराणं आधी विचारतात. म्हणून मुलींचं एक टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, मामांचं दुसरं, आणि मामा निवडल्याशिवाय नोंदच होणार नाही अशी सोय मी केली होती. मामा नसलेली मुलगीही असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कटंगीच्या शकुनबाईंना भाऊ नाही. त्यांच्या करुणासाठी मी तो रकाना ऐच्छिक केला, नल ठेवला, म्हणजे साफ रिकामा. तर पुस्तिकेतून करुणाच गायब. मामाशी जोड न जुळलेली ओळ माझी क्वेरी, म्हणजे दोन्ही टेबलं जोडून यादी काढणारी आज्ञा, गाळत होती. असे दोन मेळावे गेले, आणि तिसऱ्याच्या आधी शकुनबाई बसने येऊन माझ्यासमोर बसल्या.

"भाऊ, माहीच पोरगी काहून गळते? लोक म्हणतीन, पोरीतच खोट आहे."

लाज वाटली, स्वतःची चीडही आली. लेफ्ट जॉइन लावला — मामा नसला तरी मुलगी राहील, मामाच्या जागी डॅश येईल. करुणा आली. पण डॅशच्या जागी आलं — 'सुदाम, तिरोडी'.

टेबल उघडलं तर तिथे नलच. मामांच्या टेबलात सुदाम नावाचा माणूसच नाही. दुसऱ्या लॅपटॉपवर चालवलं, तरी तेच. डोकं भणभणलं. शेवटी वैतागून त्यांनाच विचारलं, "हे नाव कुणाला सांगितलं होतं का?"

त्यांनी स्क्रीनवरच्या नावावर बोट टेकवलं.

"माह्या पाठचा भाऊ. तवा आमी तिरोडीले राहत होतो. बारशाच्या आधीच गेला तो. माय एकटीच त्याले सुदाम म्हणे… जाताना फक्त मले सांगतलं तिनं."

"चूक आहे बाई, काढतो मी."

"राहू द्या न भाऊ. कोणी मामा विचारला का मी मान खाली घालत होती. यंदा छापून येऊ द्या."

तसंच छापलं. त्यानंतर तीच क्वेरी, एक अक्षर न बदलता, कितीदा तरी चालवली. दरवेळी निमूट डॅश येतो. का, ते मला आजही सांगता येत नाही, आणि याचाच जास्त राग येतो.

परवा करुणाच्या लग्नाची पत्रिका आली. मामा म्हणून एकच नाव आहे. त्याच्या आधी शकुनबाईंनी 'कै.' लावलेलं नाही.